मेहरूणची पिवळी कॅसेट

सारिका दारात आली तेव्हा तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

"भाविकाताई, आमच्या ह्यांनी विष घेतलं असं पोलीस म्हणतात. हे घेणार नाहीत हो! दवाखान्यात बेशुद्ध आहेत. डॉक्टर सारखं विचारतात, काय घेतलं ते कळलं तर नेमका उतारा देता येईल. मी काय सांगू?"

भाविका जळगावात खासगी तपासाची कामं करायची. स्वप्नील तिचा मदतनीस. मनाने हळवा, डोक्याने सावकाश.

"काल काय जेवले होते?"

"काल एकादशी. एकादशीला हे पाण्याचा थेंबही घेत नाहीत. डॉक्टरांनी पोट धुतलं, तर काहीच निघालं नाही."

भाविका लगेच उठली.

सारिकासोबत दोघं मेहरूण तलावाजवळच्या तिच्या घरी गेले. सारिकाचा नवरा लीलाधर जुने टीव्ही गेम जमवायचा. भिंतभर गेमच्या कॅसेटी रचलेल्या. टीव्ही कालपासून तसाच सुरू होता आणि निळ्या पडद्याचा उजेड रिकाम्या खुर्चीवर पडला होता. टीव्हीला जोडलेल्या गेमच्या मशीनमध्ये कॅसेट नव्हती. खुर्चीखाली एक पिवळी कॅसेट पालथी पडली होती.

टेबलावर स्क्रूड्रायव्हर होता, आणि उघडलेल्या दोन कॅसेटी. कवच जुनं, कळकट. आतली सर्किटची पट्टी मात्र नवीकोरी.

"ह्या दोन कुणाकडून घेतल्या?"

"धुळ्याच्या प्रेमराजभाऊंकडून. ह्यांचे लहानपणचे मित्र. खालची पिवळीही त्यांनीच काल एसटी पार्सलने पाठवली. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत सापडली म्हणे. हिच्यासाठी ह्यांनी किती गावं पालथी घातली!"

"काल घरी कोण आलं होतं?"

"लोटनभाऊ, माझे दीर. शेतावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. पार्सल दारात त्यांनीच घेतलं, आत नेऊन ठेवलं."

भाविकाने ओढणी नाकावर बांधली. धूळ सोसत नसेल, असं स्वप्नीलला वाटलं. पाठमोरी होऊन तिने काहीतरी पिशवीत घट्ट बांधलं.

"सारिकाताई, ही डॉक्टरांच्याच हातात द्या. वाटेत उघडायची नाही."

मग एक पिवळी कॅसेट पर्समध्ये टाकून ती गाडीत बसली.

लोटन पारोळ्याजवळ कपाशीत भेटला. बांधावर फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे. स्वप्नीलने डोळ्यांनीच भाविकाला खुणावलं.

"भांडण व्हयनं, ताई, हाई खरं. पण मना भाऊ शे तो! त्याना जीव लिसू का मी?"

"ही कालच्या पार्सलातली कॅसेट. ओळखता?"

लोटनने ती हातात घेतली, उलटी केली, सवयीने तोंडाला लावून जोरात फुंकली आणि शर्टाला पुसली. "लहानपणी दोन्ही भाऊ दिनभर हाईच खेळूत," तो म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

धुळ्यात आग्रा रोडवर प्रेमराजचं दुकान होतं. माणूस मोठा गोडबोल्या.

"बसा मॅडम! लीलाधरचं ऐकलं, हातपायच गळाले माझे. मनाने हळवाच हो तो. घेतलं असेल काहीबाही."

"मलाही भाच्यासाठी गेम हवाय. चालणारा दाखवा."

प्रेमराजने एकामागून एक कॅसेटी फुंकल्या, मशीनमध्ये बसवल्या. "जुन्या मालाला फुंकर लागतेच, मॅडम!"

भाविकाने पर्समधली पिवळी काढली. "आणि ही? लीलाधरना पाठवलेली."

"ती पाठवण्याआधी इथंच लावून पाहिली होती. मस्त चालली."

"आत्ता लावा ना."

प्रेमराजने टेबलावरचं फडकं घेतलं, कॅसेट त्यात हातभर लांब धरली आणि थेट मशीनमध्ये ढकलली. पडद्यावर चित्र फाटलं. त्याने काढली, पुन्हा तशीच ढकलली. पुन्हा फाटलं.

"स्वप्नील, पोलिसांना फोन लाव," भाविका म्हणाली. "आणि शटर ओढ."

दुकानात अंधारून आलं.

"लीलाधरच्या पोटात काही गेलंच नव्हतं. टीव्ही सुरू, मशीन रिकामं. म्हणजे कॅसेट बसवण्याआधीच ते कोसळले. स्वप्नील, बसवण्याआधी आपण सगळे काय करायचो?"

स्वप्नीलच्या ओठांचा चंबू झाला. "फुंकर!"

"तोंडाशी धरून. आणि पुढचा श्वास तिथेच आत. पार्सलातल्या पिवळीच्या खाचेत फवारणीची पावडर भरलेली होती, वासच सांगत होता."

"पण लोटनभाऊंनी तर फुंकली!"

"ही लीलाधरच्या शेल्फावरची, तशीच दिसणारी दुसरी आहे. पार्सलातली डॉक्टरांकडे गेली. लोटनभाऊंनी हिलाच ती समजून बेधडक तोंडाला लावली. विष त्यांनी घातलं असतं तर तो हात वर गेलाच नसता. प्रेमराजभाऊ, तुम्ही प्रत्येक कॅसेट फुंकली. हीच तेवढी नाही, चित्र फाटलं तरी नाही. लावून पाहिली म्हणता. फुंकर न मारता? जुन्या कवचात नवा माल भरून विकत होतात, आणि लीलाधरनी त्या दोन उघडल्या."

प्रेमराज मटकन स्टुलावर बसला. "त्याचा फोन आला होता. 'आतला माल नवाय, सगळ्यांना सावध करायला हवं,' म्हणाला. मला वाटलं, माझं नाव घेणार हा. लोक माझ्या शब्दावर घेतात, मॅडम... संपलोच असतो मी."

भाविकाचा फोन वाजला. तिने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"ताई, शुद्धीवर आले हो!" सारिका रडत होती. "पावडर ओळखली डॉक्टरांनी, उतारा लागू पडला."

"काही बोलले?"

"एवढंच, की प्रेमराजला आधी फोन कर. म्हणाले, त्याला बिचाऱ्याला कुणीतरी खोटा माल गळ्यात मारतंय, आणि आता त्यात विषही घालतंय. त्याने एकही कॅसेट फुंकू नये म्हणावं. सांगाल ना ताई त्यांना?"

भाविकाने प्रेमराजकडे पाहिलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

"ऐकलंय त्यांनी," ती म्हणाली.