चिमट्याखालचा पिवळा ठिपका

वाळलेले कपडे काढताना निहिरा चक्रावली. तिच्या पांढऱ्या फ्रॉकवरचा हळदीचा डाग दोनदा साबण लावूनही गेला नव्हता, तो उन्हात साफ उडाला होता! चिमट्याखालचा नखाएवढा ठिपका मात्र तस्साच, पिवळाधमक.

फ्रॉक घेऊन ती तडक विजूमावशीच्या खोलीत शिरली. मावशी मुलांना खो-खो शिकवायची; तिची हाक तीन गल्ल्यांना ऐकू जायची. पण गेल्या महिन्यात तिच्या स्वरयंत्रात (गळ्यातल्या, आवाज काढणाऱ्या अवयवात) कर्करोगाची बारीकशी गाठ सापडली आणि हाकेची कुजबुज झाली. डॉक्टरांनी प्रकाशोपचार सुचवला होता. मावशी काही केल्या हो म्हणत नव्हती.

"औषध म्हणे अख्ख्या अंगात फिरणार," ती घोगऱ्या आवाजात पुटपुटली. "गाठीबरोबर माझा आवाजच जाळून टाकला तर?"

मावशीची काळजी घ्यायला आलेला यंत्रमानव तिरीप जवळ सरकला. "हा फ्रॉक बघा, मावशी. डाग मोठा होता. मग उडाला कुठे?"

"ऊन पडलं तिथेच!" निहिरा ओरडली.

"शाब्बास! औषधातले नॅनोकण (केसाहून हजारपट बारीक कण) रक्तातून सगळीकडे फिरतात, पण चिकटतात ते बहुतेक कर्कपेशींनाच. चिकटून गप्प बसतात. मग डॉक्टर प्रकाशतंतू (उजेड वाहून नेणारा काचेचा बारीक धागा) गळ्यात सोडतात आणि फक्त गाठीवर लाल उजेड पाडतात. त्या उजेडाने कण जवळच्या प्राणवायूला चेतवतात. तो चेतलेला प्राणवायू कर्कपेशी मारतो."

"लालच का?" निहिराने विचारलं.

तिरीपने बोटातला दिवा लावून तिच्या तळव्याखाली धरला. बोटांच्या कडा लालभडक झाल्या. "बाकीचे रंग वाटेतच अडतात. लाल आत शिरतो."

मावशी ताठ बसली. "म्हणजे उजेडाने खो दिल्याशिवाय हे गडी उठायचे नाहीत?"

"अगदी!"

"आणि एखादा भलत्याच जागी बसला असला तर?"

निहिराने ठिपक्यावर बोट ठेवलं. "तिथे उजेडच नाही पडणार. हे बघ, चिमट्याखालचं कसं शाबूत राहिलं!"

"कातडीत राहिलेले कण उन्हाने उठू नयेत म्हणून काही दिवस उन्हापासून जपायचं तेवढं," तिरीप म्हणाला.

"अस्सं! मी अंधारात, आणि तुम्ही मैदानावर उंडारणार." मावशीने निहिराचा कान हळूच पिळला. "लाव डॉक्टरांना फोन."

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून गाठ विरल्याचं सांगितलं. त्या संध्याकाळी मैदानावर निहिरा खांबाजवळ उकिडवी बसली होती, अजून काय काय उजेडाने जागं करता येईल याचा विचार करत.

"निहिरेऽऽ! खो मिळालाय, ऊठ की गं!"

तिसऱ्या गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या.