फुलांच्या वर्गाशेजारची खोली

दारू सोडणाऱ्यांची सभा कोणत्या खोलीत भरते, एवढंच इसामूला विचारायचं होतं. बंदरापासून जपानमधल्या कोची शहराच्या त्या जुन्या नगरभवनापर्यंत सायकल चालवताना ते वाक्य त्याने मनाशी कितीदा घोळवलं होतं. पण जिन्यापाशी चहाची किटली घेऊन उभी असलेली मुलगी वळली… तिच्या बाह्यांना युझू लिंबांच्या सालीचा आंबटकडू गंध येत होता.

"काही शोधताय का?"

"हो… म्हणजे — फुलं. फुलांच्या रचनेचा वर्ग."

तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या रबरी बुटांकडे. "वरचा मजला, डावीकडे. उजवीकडे वळू नका हं, तिथे आम्ही असतो."

"आम्ही म्हणजे?"

"दानशुकाई. दारू सोडलेली माणसं." किटली दुसऱ्या हातात घेत ती हसली. "घाबरलात?"

"छे," तो म्हणाला आणि मुकाट्याने डावीकडे वळला.

बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडणारे त्याचे हात त्या संध्याकाळी वयस्कर बायकांच्या घोळक्यात शेवंतीचे देठ कापत राहिले. भिंतीपलीकडून एकेकाचा आवाज येत होता; शब्द कळत नव्हते. आपली जागा एका भिंतीच्या अंतरावर आहे, हे मात्र त्याला पुरतं कळत होतं. वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांनी पुढे केलेला प्रत्येक पेला त्याने रिवाजाप्रमाणे रिकामा करून, भरून, परत दिला होता. आणि दुसऱ्या सकाळी थडग्यापाशी त्याला उदबत्ती पेटवता आली नव्हती. आईने थरथरत्या बोटांतून काडी काढून घेतली होती. ती काहीच बोलली नव्हती. त्या न बोलण्यानेच त्याला आरोग्य केंद्रात नेलं होतं, आणि तिथून इथवर.

तरीही पुढच्या मंगळवारी तो डावीकडेच गेला. त्याच्या पुढच्याही.

वर्ग आणि सभा एकाच वेळी सुटत. चिगुसा — तिचं नाव एव्हाना त्याला ठाऊक झालं होतं — व्हरांड्यात कप विसळत उभी असे.

"ही रचना आहे की वादळात सापडलेली होडी?"

"आमच्या बाई म्हणतात, हिच्यात दुःख आहे."

"दुःख नाही, सुतळी आहे. ही काय, दिसतेय."

तो हसला. कित्येक महिन्यांनी, न पिता.

एकदा मात्र तिने हातातला कप खाली ठेवला. "एक सांगू? मीही प्यायचे. रस काढायच्या कारखान्यात, गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून. आधीच सांगितलेलं बरं. पळायचं असेल, तर जिना तिकडे आहे."

"मी… पळणार नाही."

पण तो पळालाच. परतताना कोपऱ्यावरच्या दुकानापाशी सायकल थांबली, आणि तिने दिलेल्या सत्याच्या बदल्यात आपण तिला केवळ फुलांच्या वर्गाचं खोटं दिलं, ही लाज त्याने बाटलीत बुडवली. सकाळी ती लाज जशीच्या तशी उशाशी बसलेली होती. तेव्हाच त्याने ठरवलं.

पुढच्या मंगळवारी तो उजवीकडे वळला.

चहा ओतणारा चिगुसाचा हात क्षणभर थबकला. दाराशी बसलेल्या वृद्ध हामाउरासानांनी चटई सरकवून जागा दिली. "इथला नियम एकच, पोरा. प्रत्येकाने आपलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कुणी उत्तर देत नाही, कुणी उपदेश करत नाही."

पाळी आली तेव्हा इसामू उभा राहिला. आवाज, त्याच्याच आश्चर्याला पारावार उरू नये इतका, स्थिर होता.

"मी इसामू ओकागो. मी दारू पितो. गेल्या मंगळवारीही प्यायलो. या खोलीत यायला निघालो होतो, पण भीतीने शेजारच्या वर्गात जाऊन बसलो. मला फुलांतलं… काहीही कळत नाही."

कुणी हसलं नाही. हामाउरासानांनी तेवढा चेहरा टॉवेलात लपवला.

मग चिगुसा उठली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "मी चिगुसा. पहिल्यांदा मावशीने मला हाताला धरून इथे आणलं, आणि मी खिडकीतून पळाले. पुढे एकटी आले, तेव्हा टिकले. म्हणून… दाराबाहेर घुटमळणारं कुणी दिसलं, तर मी ओढून आत आणत नाही. फार आणावंसं वाटलं, तरीही नाही."

सभा सुटली तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. तिने छत्री उघडली आणि थोडी त्याच्या बाजूला कलती धरली.

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"फुलांच्या वर्गाला कुणी असं, फाशी जायला निघाल्यासारखं जातं का रे?"

"चिगुसा, मला तू आवडतेस." तो थांबला. "पण मी तुझ्यासाठी दारू सोडणार नाही. तुझ्यासाठी सोडली, तर आपलं पहिलं भांडण झालं की पुन्हा धरेन."

"वा! मुलीला मागणी घालायची ही कुठली रीत?"

"मला एवढंच… खरं बोलता येतं."

तिने चाल वाढवली. छत्री मात्र कललेलीच होती. "गुरुवारी सुसाकीच्या शाखेची सभा असते," ती म्हणाली. "मी संध्याकाळच्या गाडीने जाते."

"मीही जाणार आहे. तू आली नाहीस, तरीसुद्धा जाणार."

असं वाक्य ऐकून एखादी मुलगी रुसली असती. चिगुसा लाजली.