पाचाच्या मापाचं दहाचं नाणं

"यातल्या सिंहाला एक कान जास्त आहे," म्हणत बटणने एक नाणं भिंगच्या नाकासमोर धरलं.

भिंगने ते नखाने खरवडलं आणि परत ढिगात टाकलं. तो कान नव्हता, वाळलेलं च्युइंगगम होतं.

सुट्टी लागल्यापासून तिघांचा रोज सकाळी हाच उद्योग होता. आत्या लाँचच्या धक्क्यावर तिकीट खिडकीत बसायची. आदल्या दिवशीची नाणी ती चाळणीतून चाळायची. चाळणीची भोकं मापाची असल्यामुळे दहाची, पाचाची आणि एकाची नाणी आपोआप वेगळी व्हायची. मग भिंग, तिचा धाकटा भाऊ बटण आणि आत्याचा मुलगा खडू त्यांत टाकसाळीत चुकून वेगळी बनलेली नाणी शोधायचे. असं नाणं सापडलं तर आपल्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं ढिगात टाकायचं, असा आत्याचा नियम होता. पंधरा दिवसांत एकही सापडलं नव्हतं. एवढ्या वेळात आपण पोहायला शिकलो असतो, असं खडूचं म्हणणं.

त्या दिवशी नाणं सापडलं, पण धक्क्याच्या साहेबांना. दिसेल त्या कागदावर ते शिक्का मारायचे, म्हणून मुलं त्यांना शिक्काच म्हणायची. पाचाची नाणी मोजताना ते थांबले. एका नाण्यावर चक्क दहाचा आकडा होता. नाणं पाचाएवढंच, आकडा कडेपर्यंत गेलेला, आणि भोवतालची नक्षी अर्धी गायब. पाचाचा ढीग बटणने तपासला होता. त्याने फक्त चित्राची बाजू पाहिली होती आणि ती सगळ्या नाण्यांना सारखीच होती.

रांगेतले प्रवासी ऐकत होते. साहेब मोठ्याने म्हणाले, "घरची पोरं रोज गल्ल्यात हात घालतात. खरी नाणी जातात कुठे आणि खोटी येतात कुठून, ते आता कळलं."

आत्याचा चेहरा उतरला. बारा वर्षांत तिच्या हिशोबावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. साहेबांनी तिच्याकडून दहा भरून घेतले, 'खोटे नाणे, भरपाई वसूल' अशी पावती लिहून त्यावर शिक्का मारला आणि सोमवारपासून खिडकीवर दुसरी बाई बसेल असं सांगितलं. मग नाणं तोडायला पक्कड मागवली.

भिंगने नाणं उचलून मुठीत घेतलं.

"दे इकडे," साहेब म्हणाले.

"नाही देणार. आत्याने पैसे भरलेत. आता ते तिचं आहे."

"खोटं नाणं बाळगणं गुन्हा आहे, माहीत आहे?"

"मग पोलिसांना बोलवा. मी इथेच उभी आहे."

साहेबांनी पोलिसांना बोलावलं नाही. खडू तोवर समोरच्या गल्लीतल्या नाणेवाल्या आजोबांना आणायला पळाला होता. आजोबा आधी येईनात. पोरं रोज गंजकी नाणी आणून डोकं खातात, अशी त्यांची तक्रार होती. पण नाण्याचं वर्णन ऐकलं आणि ते चहा अर्धा टाकून निघाले. येताना छोटा वजनकाटा घेऊन आले.

त्यांनी नाणं काट्यावर ठेवलं, मग पाचाचं एक नाणं ठेवलं. वजन सारखं. कडेच्या रेघाही सारख्या.

"टाकसाळीत पाचाची एक कोरी चकती दहाच्या साच्याखाली गेली," ते म्हणाले. "नाणं अस्सल आहे. चाळीस वर्षांत मी असं एकच पाहिलंय."

"आणि खोटं करणारा माणूस दहाचं नाणं पाचाएवढं कशाला करेल? ते घेणार कोण?" भिंगने विचारलं. रांगेत हशा पिकला.

मग आजोबांनी नाण्याची किंमत सांगितली. आत्याचा सहा महिन्यांचा पगार. साहेबांनी घसा साफ केला. नाणं गल्ल्यात सापडलं, तेव्हा ते लाँच कंपनीचं, असं ते सांगू लागले.

खडूने आईच्या हातातली पावती घेतली आणि रांगेला वाचून दाखवली, शिक्क्यासकट.

साहेब नरमले. झालं गेलं विसरा, सोमवारीही तुम्हीच खिडकीवर बसा, असं ते हळूच आत्याला म्हणाले.

"असं कानात नको, साहेब," आत्या म्हणाली. "मघाशी सगळ्यांसमोर बोललात. आताही सगळ्यांसमोर बोला."

लाँच सुटायची वेळ झाली होती. साहेबांनी भोंगा हातात घेतला आणि पुटपुटले, की तिकीट खिडकीवरच्या बाई प्रामाणिक आहेत आणि मुलांनीही काही घेतलेलं नाही.

"मागे ऐकू आलं नाही," रांगेच्या शेवटून बटण ओरडला.

साहेबांना पुन्हा बोलावं लागलं. या वेळी लाँचमध्ये बसलेल्यांनाही ऐकू गेलं. लाँच चालवणारे काका खाली उतरले आणि त्यांनी भिंगच्या पाठीवर थाप मारली. तुझ्या जागी मी असतो तर मूठ केव्हाच उघडली असती, असं ते म्हणाले. आजोबांनी बटणला बजावलं, की नाण्याला दोन बाजू असतात आणि दोन्ही बघायच्या असतात.

"ती पावती तेवढी परत द्या," साहेब आत्याला म्हणाले.

आत्याने ती खिडकीच्या काचेला आतून चिकटवली, अक्षरं बाहेरच्या बाजूला येतील अशी.

"पुढचे कोण?" तिने रांगेला विचारलं.