अर्धा सांगितलेला सिनेमा

टिण्...

वाटीत चमचा पडला, आणि घर किती वेळ गप्प होतं ते अपेक्षाच्या तेव्हा ध्यानात आलं.

ही घडलेली गोष्ट आहे. कुंडल गावची, गेल्या उन्हाळ्यातली. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दुपारचं लख्ख ऊन होतं. कुणाला खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे. अपेक्षाला तर ती खोटी ठरलेलीच हवी आहे.

तिचे सासू-सासरे, धोंडुबाई आणि नानासो, रहिमतपूरला एका लग्नाला गेले होते. घरात ती आणि तिची चार वर्षांची संयोगिता. संयू म्हणतात तिला. पोरीच्या हातात वरणभाताची वाटी देऊन अपेक्षा आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

चमचा पडला तो पडला. उचलल्याचा आवाज काही आला नाही.

मग... संयू बोलायला लागली.

"गड्या, ह्यो बी तारा इझलाय रं. काडी आण बगू."

अपेक्षाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

हे बोलणं तिनं आधी ऐकलं होतं. कुणाच्या तोंडून, तेही तिला पक्कं आठवत होतं.

तिचा नवरा विश्वजित फौजेत होता. शेवटच्या सुट्टीला आला तेव्हा त्यानं एक पेन ड्राइव्ह आणला होता, युनिटमधल्या मित्रानं दिलेला. त्यात एक जुना जपानी सिनेमा. हातानं काढलेल्या चित्रांचा, अंतराळातला. विझलेले तारे पुन्हा पेटवत फिरणारं एक खटारा यान, त्यात म्हातारा कप्तान, एक कुरकुरा यंत्रमानव आणि एक लहान मुलगी. बोलणं सगळं जपानी. घरात कुणाला ओ की ठो कळेना.

विश्वजितनं मग आवाजच बंद केला आणि सगळ्यांची बोलणी आपल्या मनानं रचून सांगायला लागला. त्याचा कप्तान थेट नानासोंसारखा बोलायचा. यंत्रमानव धोंडुबाईंसारखा... "माझं गुडघं गेलं, आन ह्यास्नी तारं पायजेत." धोंडुबाई लटक्या रागानं उठून जायच्या आणि दाराआड उभ्या राहून ऐकायच्या. आणि हे सगळं तो सांगायचा अपेक्षाच्या पोटाशी तोंड नेऊन. पोटात संयू होती.

सिनेमा निम्म्यावर आला आणि सुट्टी संपली. राहिलेला पुढच्या सुट्टीत सांगतो, म्हणाला.

पुढची सुट्टी आलीच नाही. वर सीमेवर बर्फाचा कडा कोसळला, आणि तिरंग्यातली पेटी गावात आली. संयूनं बाप पाहिला तो फोटोत.

पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागं खोचलेला तसाच राहिला. त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

अपेक्षा बाहेरच्या खोलीत आली. संयूच्या मांडीवर रिमोट होता. टीव्हीवर तोच सिनेमा चालू होता, आवाज बंद. पोरीनं बटणांशी चाळा करता करता लावला असेल. आणि बोलणी? पोटात असताना ऐकली असतील. पोटातल्या पोराला ऐकू येतं म्हणतात. तिनं स्वतःची समजूत घातली.

मग तिचं लक्ष पडद्याकडे गेलं.

यान बर्फात उतरत होतं.

हा बर्फ तिनं कधी पाहिलाच नव्हता. विश्वजितनं इथवर सांगितलंच नव्हतं...

तिनं झटकन टीव्ही बंद केला. पडदा काळा झाला.

संयू थांबली नाही.

"आता ती पोरगी खाली उतरतीया. एकटीच. दिवा शालीखाली झाकलाय. मागं वळून बघती... तर कप्तान न्हाई."

अपेक्षानं टीव्ही पुन्हा लावला. सिनेमा थांबला होता तिथून पुढं सरकला.

मुलगी खाली उतरली. एकटीच. शालीखाली काहीतरी मिणमिणत होतं.

तिनं मागं वळून पाहिलं.

कप्तानाची खुर्ची रिकामी होती.

"संयू... कोण सांगतंय गं तुला?"

"पप्पा."

"कुठं हायत?"

संयूनं वरणानं भरलेलं बोट दाराकडे केलं. दार सताड उघडं. उंबऱ्यावर ऊन पडलेलं. बाहेर कुणी नव्हतं... नेहमी हंबरणारी समोरच्या गोठ्यातली म्हैससुद्धा गप्प होती.

"पप्पा इचारत्यात, दारातला शेवगा कुणी तोडला?"

तो शेवगा विश्वजितनं लावला होता. तो तोडला तेव्हा संयू पाळण्यात होती.

अपेक्षानं धोंडुबाईंना फोन लावला. मागं लग्नाचा बँड वाजत होता. आधी त्या हसल्याच, लेकानं पोटातच पढवून ठेवलंय म्हणाल्या. मग तिनं शेवग्याचं सांगितलं.

पलीकडं बँडचा आवाज लांब गेला; धोंडुबाई मांडवाबाहेर आल्या असाव्यात.

"दार उघडं हाय का?" धोंडुबाईंनी विचारलं.

"हाय, आत्या. लावते आता."

"लावू नगंस." त्या घाईनं म्हणाल्या. "माझं लेकरू उन्हात उभं हाय गं."

अपेक्षानं फोन खाली ठेवला. तिनं संयूला उचलून कडेवर घेतलं आणि दाराशी गेली. एक हात कडीवर, एक हात पोरीच्या पाठीवर. याच दारात त्याला उभा पाहण्यासाठी ती किती झुरली होती. आत घ्यावं असं वाटत नव्हतं असं नाही. पण आलेला माणूस परत जाईल तेव्हा... एकटा जाईल का?

मागं पडद्यावर ती मुलगी बर्फातून चालतच होती.

संयूनं तिच्या खांद्यावरून बाहेर वाकून पाहिलं. ओळखीचं हसली. मग आईच्या कानाशी तोंड आणून हळूच म्हणाली,

"आई, तू म्हनल्याबिगर पप्पा आत येणार न्हाईत म्हणत्यात... या म्हणू का?"