थंडोळीचा हवादेश

अकोले गावातल्या वनस्पती प्रयोगशाळेत डॉ. निरंजन सोमण पडद्यावरचा नकाशा पाहत होते. कळसूबाईच्या उतारावर थंडोळी या वनस्पतीला मानवणाऱ्या हवेचा हिरवा पट्टा दरवर्षी थोडा वर सरकत असे. यंदा तो नकाशावर नव्हताच.

"गेला कुठं?" हौसाबाई खाडेंनी विचारले. शिखरावरची थंडोळीची शेवटची अकरा रोपे त्याच राखत.

"तिला मानवणारी हवा शिखराच्याही वर गेली," नोंदणी अधिकारी फिरदोस मुलाणी म्हणाली. "तिथं जमीन नाही."

"मग झाडानं काय उडावं?"

माणसाने हवा तापवल्यावर प्रजाती जागा सोडू लागल्या, आणि नव्या जागी त्यांना उपऱ्या म्हणून उपटले जाऊ लागले. तेव्हा सोमणांच्या पत्नीने, डॉ. शरयूंनी, व्याख्या लिहिली: प्रजातीला मानवणारे तापमान आणि ओलावा जिथे आहे, तो तिचा हवादेश, इतरत्र ती उपरी. या वाक्याने शेकडो प्रजाती वाचल्या. त्याचा कायदा झाला. शरयूंना जाऊन चौदा महिने झाले होते.

"सर, शिखरावर थंडोळी आता उपरी आहे," फिरदोस म्हणाली. "कायद्यानं सात दिवसांत नष्ट करावी लागेल."

"व्याख्या बदला," हौसाबाई म्हणाल्या.

"दोन वर्षं लागतात. आणि हवादेश कुठंच नसला तर साठवलेल्या बियाही जाळायच्या."

"मग शोध तिचा हवादेश. कुठेही," सोमण म्हणाले.

तिने देशभरातली हवामापक यंत्रे तपासली. संध्याकाळी एक जागा सापडली.

"शेजारच्या खोलीतलं बियांचं कपाट. शरयू मॅडमनी त्यात शिखराची जुनी हवा राखली होती."

हौसाबाई हसल्या. "बाईंनी सोय करून ठेवली बघा. रोपं आणून लावू तिथं."

"कायद्यानं उपरं रोप हलवता येत नाही, मावशी. बियाच राहतील."

"मग त्या तरी रुजवा."

"कपाटात अंधार आहे," सोमण म्हणाले. "उजेडाशिवाय थंडोळी रुजत नाही."

"दिवा लावा की, साहेब."

"दिव्यानं हवा तापते. अर्धा अंश वाढला, की तोही हवादेश उरत नाही."

फिरदोसने कागद पुढे केला. हवादेश: कपाट क्रमांक तीन. सोमणांनी सही केली. सही केली नसती, तर बियाही गेल्या असत्या.

"मी नाही उपटायची," हौसाबाई म्हणाल्या.

"तुम्ही नका," सोमण म्हणाले. "उद्या मी चढतो. फक्त वाट दाखवा, इतकी वर्षं शरयूच जायची."