शून्य नंबरचा मास्क

मला हे नीट आठवतं का, याचीच आता खात्री वाटत नाही. मंगळवार होता असं मी इतकी वर्षं सांगत आलो. मग एकदा लक्षात आलं, बुधवार उजाडला असणार. तारीख मात्र लिहून ठेवली आहे. ८ मार्च २०११ची रात्र, पावणेदोनचा सुमार.

"डॉक्टर, तारीख ठरवण्यातच उजाडेल," यंगोना या मुळांच्या पेयाची करवंटी माझ्याकडे सरकवत आमच्या हॉस्पिटलातला इलाइतिया म्हणाला. नव्या नर्स हसल्या. उद्यापासून त्या सगळ्यांची नवजात अतिदक्षता विभागात ड्यूटी होती.

"हसा," मी म्हणालो. "मी तिथे नव्हतो, हे आधीच सांगतो. हे घडलं आमच्या नर्स मेरेसेनीच्या बाबतीत. आणि ती थापा मारणाऱ्यांतली नाही."

तुम्हाला आज बारा पाळणे दिसतात. आम्ही सुरुवात केली ती एका खोलीत. चार लाकडी पेट्या, उबेसाठी आत विजेचे दिवे. दीड किलोच्या खालचं बाळ आईच्या कुशीत द्यायचं आणि प्रार्थना म्हणायची, एवढाच उपचार. हे थांबवलं सिस्टर आकेनेतानं. सगळे तिला बुबू म्हणायचे, आजी. रात्र रात्र हवेची पिशवी हातानं दाबत बसायची, "दाब, सोड, सोड" पुटपुटत. पिशवीला शून्य नंबरचा मास्क, लिंबाएवढा. आमच्याकडे तसा एकच होता. दुसरा मागवला की राजधानीच्या, सुवाच्या बोटीतून भलताच नंबर यायचा.

डिसेंबरात बुबू गेली. फेब्रुवारीत आम्ही नव्या इमारतीत आलो. सामानाच्या यादीवर सही माझी. 'शून्य मास्क, एक, जुनं कपाट.' मी कपाट उघडून पाहिलं नाही. का नाही पाहिलं, ते अजून स्वतःला विचारतो.

त्या रात्री तोरिकाचं बाळ होतं. आठशे दहा ग्रॅम. आमच्याकडे तोवर एवढं लहान बाळ जगलं नव्हतं. नाकाला श्वासाची नळी, बाटलीत पाण्याचे बुडबुडे; बुडबुडे चालू म्हणजे श्वास चालू. सगळं ठीक होतं. दुसरी नर्स एका बाईचं बाळंतपण करायला गेलेली. मेरेसेनीला ट्रेमध्ये छोटा मास्क दिसेना. तिनं यादी पाहिली.

"इथंच बस हं," ती तोरिकाला म्हणाली. "जुन्या खोलीतून एक वस्तू घेऊन आले."

"लवकर ये बाई. मला या यंत्राची भीती वाटते."

"चावत नाही ते," मेरेसेनी म्हणाली आणि निघाली.

छपराखालची वाट, दीडशेएक पावलं. वारा सुटलेला. तिनं कपाट उघडलं. रिकामं. खालचा खण पाहिला. रिकामा.

आणि वीज गेली.

जनरेटर अर्ध्या मिनिटात लागतो. ती मोजत उभी राहिली. तीस. साठ… लागला नाही. वीज नाही, म्हणजे बुडबुडे नाहीत.

ती पळाली.

पुढे कुणीतरी चालत होतं. रबरी चपला. फटक… फटक… सावकाश. ती पळतेय, आणि आवाज पुढेच.

"कोण आहे?"

फटक… आणि एक पाय घासत होता. मला तिनं हे सांगितलं, तेव्हा मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. बुबूचा डावा पाय घासायचा. मेरेसेनी जानेवारीत नोकरीला लागली. तिनं बुबूला कधी पाहिलंच नव्हतं.

दार. आत काळोख. आणि कुणीतरी पुटपुटत होतं.

दाब… सोड… सोड…

तिनं बॅटरी लावली. तोरिका होती. पिशवी दाबत होती. बोटं स्थिर. बाळाच्या तोंडावर लिंबाएवढा मास्क. छाती वर… खाली.

"हा… कुणी दिला?"

"बुबूनं. दाबायचं कसं तेही तिनंच दाखवलं."

"कोण बुबू?"

"तुमचीच ना? पांढऱ्या केसांची. हात किती गार गं तिचे… म्हणाली, पोरीला यायला उशीर होईल."

तोरिका लांबच्या बेटावरून चार दिवसांपूर्वी आली होती.

मी तीनला पोहोचलो. दिवे आलेले, बुडबुडे चालू. मास्क हातात घेतला. त्याच्या कडेला लाल लोकरीची गाठ होती. पूर्वी नव्हती, असं मला वाटतं. मी मेरेसेनीला तीनदा विचारलं, तूच कुठून आणलास ना? तिसऱ्यांदा ती उठून बाळाकडे गेली.

तो पोरगा आता शाळेच्या रग्बी संघात आहे. मास्क तुमच्या ट्रेमध्ये आहे, गाठीसकट. उद्या पाहाल.

कुणी करवंटी उचलली नाही.

त्या रात्रीनंतर सहा वर्षांनी मी बुबूच्या गावी गेलो होतो. तिच्या धाकट्या बहिणीला, सालोतेला, सहज विचारलं, बुबूनं हॉस्पिटलातलं काही घरी आणलं होतं का?

"आणलं कसलं, डॉक्टर. तुमच्या जुन्या नर्सनीच दिला, मानाचा म्हणून. तो इवलासा मास्क. तुम्ही रागवाल म्हणून बोलल्या नसतील. मी तो तिच्या मुठीत ठेवला. निसटू नये म्हणून लाल लोकरीनं बांधला. आणि शवपेटीचं झाकण मीच लावलं."