धुतलेलं कातडं

“काढ ती शिट्टी गळ्यातून!”

थोरलीचा घास हातातच राहिला. बाबा ताटावरून उठून तिच्यापुढे हात पसरून उभे होते, आणि आई खाली मान घालून चुलीत लाकडं सारत होती... जशी काही आज त्या लाकडांनाच थंडी वाजत होती!

“का?” थोरलीने विचारलं.

“का काय का? आता घरचं माणूस आलंय. उद्यापासून कळप आणि कुत्री तो बघेल.”

घरचं माणूस! म्हणजे धाकटा. मिसरूड फुटायच्या आत शहरात पळाला, कुठल्याशा कारखान्यात रमला, आणि कारखान्याला कुलूप लागल्यावर साहेबांना माळाची आठवण झाली. आणि ह्या ओसाड माळावर, जिथे शेजारी म्हणजे टेकडीपल्याडचं एकच घर, आणि तिथे मीठ मागायला जायचं तरी शिदोरी बांधून निघावं लागतं, तिथे वाऱ्याशी भांडत, चिखल तुडवत, मेंढ्यांमागे जिने आपलं सगळं तारुण्य घातलं ती कोण? पाहुणी?

“मग मी कोण, बाबा?”

बाबांनी तोंड फिरवलं. “तू आणलेली. तो रक्ताचा. मी काय खोटं बोलतोय?”

खोटं नव्हतंच. थोरलीला ते लहानपणापासून माहीत होतं. आईची पहिली मुलगी पाळण्यातच गेली, आणि त्याच सुमाराला लांबच्या कुरणावरच्या गुराख्याची बायको बाळंतपणात गेली. बाबांनीच ते पोर उचलून आणलं, मेलेल्या मुलीचं न धुतलेलं झबलं त्याला चढवलं आणि आईच्या कुशीत ठेवलं. माळावर मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं सोलून पोरक्या कोकराला घालतात. मेंढी हुंगते, वास ओळखीचा लागतो, पाजते. जन्मभर मेंढ्यांत राहिलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार?

पण ते आज, असं, जेवता जेवता तोंडावर फेकायचं...! तिच्या डोळ्यांत पाणी मात्र नाही. तिने शिट्टी काढली आणि धाकट्याच्या ताटापाशी आपटली.

“घ्या साहेब. कुत्र्यांना तुमचं रक्त दाखवा, लगेच ऐकतील!”

“ताई, मी मागितली नव्हती गं...”

“नको असंही नाही म्हणालास.”

सकाळी तिने पिशवी भरली. चाऱ्याचा ट्रक आज येणार होता, परतताना ती त्यात बसणार होती. विनवण्या नाहीत, रडारड नाही, मागे वळून बघणं तर मुळीच नाही! फाटकापाशी कुंपणावर चढून ती ट्रकची धूळ शोधत बसली.

तिथून सगळा कळप दिसत होता, आणि गोठ्याचं उघडं दारही. धाकटा गाल फुगवून शिट्टी वाजवत होता. एक कुत्रं कान खाजवत होतं, दुसरं चक्क जांभई देऊन कुंपणाखाली येऊन बसलं. “जा की, नवा मालक बोलावतोय,” थोरली म्हणाली. त्याने तिच्या बुटावर डोकं टेकलं.

दिवस मेंढ्या विण्याचे होते. काळतोंडी मेंढीचं कोकरू पहाटे मेलेलं जन्मलं होतं, आणि गोठ्यात दुसरं एक पोरकं कोकरू गारठून पडलं होतं. धाकट्याने मेलेल्याचं कातडं सोललं, पोरक्याला नीट घातलंही, बांधलंही... पण काळतोंडीने हुंगलं आणि अशी धडक दिली की ते बिचारं भिंतीवर जाऊन आदळलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा धडक!

“अरे मूर्खा, कातडं ओलं का आहे?” थोरली कुंपणावरूनच ओरडली.

“धुतलं! रक्त, चिखल... घाण किती होती!”

धुतलं! म्हणजे ज्या वासासाठी हा सगळा खटाटोप, तोच ह्याने ओढ्यात सोडून दिला!

कोकरू आता ओरडतही नव्हतं. लांब धूळ उठली होती, ट्रक येत होता. मरू दे, थोरलीने स्वतःला सांगितलं... माझं काय त्यात? मी आणलेली! आणि असं म्हणता म्हणताच तिने उडी मारली, पिशवी धुळीत पडली.

“मेलेलं कोकरू कुठे टाकलंस? आण! पळ!”

तिने ते ओलं कातडं ओरबाडून काढलं, मेलेल्या कोकराचं उरलेलं अंग पोरक्याच्या पाठीवर, पायांवर, शेपटीखाली खसाखसा चोळलं, आणि दोन्ही हात रक्ताने माखलेले तशीच ती काळतोंडीला गुडघ्याने दाबून बसली. मेंढीने शेपटीपाशी हुंगलं... पुन्हा हुंगलं... आणि घशातल्या घशात हळूच हुंकारली. कोकराचं तोंड आचळाला लागलं. धाकटा तिच्याशेजारी येऊन बसला.

“तो वास उडून गेला की मग गं, ताई?”

“तोवर दूध अंगात भिनतं. मग त्याला तिचाच वास येतो.”

गोठ्याच्या दारात बाबा उभे होते. आणि बाबांच्या मागून, आयुष्यात कधी आवाज न चढवलेली आई पुढे आली.

“ऐकलंत? हिच्या अंगावर झबलं होतं ते थोडेच दिवस. नंतर मीच ते काढून ठेवलं, माझ्या हाताने! मला कधीच कळलं, ही माझी आहे ते. तुम्ही मात्र अजून झबलंच बघत बसलात!”

फाटकावर ट्रकचा हॉर्न वाजला.

“येताय का कुणी?” ट्रकवाल्याने हाक मारली.

धाकट्याने शिट्टी गळ्यातून काढली आणि बापाच्या हातात ठेवली. बाबा ती थोरलीच्या गळ्यात घालायला वाकले, तशी ती मागे सरली.

“गळ्यात घालायची नाही. गळ्यात घातलेलं कुणीही काढून घेतं! हातात द्या. आणि परत मागणार नाही म्हणा.”

“थोरले...”

“म्हणा!”

म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “नाही मागणार... पोरी, कधीच नाही मागणार. चुकलो मी.”

तिने रक्ताळलेल्या हातात शिट्टी घेतली. ट्रकवाल्याला ओरडून सांगितलं, “काका, चारा उतरवा आणि जा!” मग शिट्टी फुंकली. दोन्ही कुत्री वाऱ्यासारखी सुटली, आणि सगळा कळप फाटकातून माळाकडे वाहू लागला. तिच्या मागोमाग आई, पिशवीवरची धूळ झटकत, आणि धाकटा.

माळावर नियम एकच, शेवटी बाहेर पडेल त्याने फाटक लावायचं. इतकी वर्षं थोरलीच शेवटी असायची. आज ती पुढे होती... फाटक बाबांनी लावलं.